पैकीच्या पैकी पत्ता

पोस्ट चुकत नाही, एवढं एकच मत रामाजी निमगडे यांचं स्वतःचं होतं. बाकी सगळ्या विषयांवर, म्हणजे मुलीचं शिक्षण, घराचा रंग, तांदळात एचएमटी चांगला की जय श्रीराम, ते बायकोचं मत वापरायचे आणि सुखानं राहायचे. चौतीस वर्षं पोस्टात काढली होती त्यांनी. टपाल वेगळं करणारे सॉर्टर म्हणून लागले, सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, आणि आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी स्वतःच्या घरात राहत होते. अख्खा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा. बाजारातून आणलेली भाजीसुद्धा ते आधी ओट्यावर गटवारीनं मांडायचे आणि मगच सरिताबाईंच्या ताब्यात द्यायचे. सही तेवढी मागत नसत, एवढीच काय ती सूट.

तर फेब्रुवारीत रिनाचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं. मुलगा वडशाचा. पत्रिका छापून आल्या, एकशे चाळीस. सरिताबाईंनी गठ्ठा सोडता सोडताच विषय काढला.

"सगळ्या पत्रिका पोस्टानं पाठवा जी, मी काई म्हणत नाई. पण बाईची तेवढी हाती नेऊन द्या."

"काऊन? बाईच्या गावाले पोस्ट नाई का?"

बाई म्हणजे अंजनाबाई, रामाजींची मोठी बहीण, वैनगंगेच्या पलीकडे पिपरबोडीत राहणारी. आणि या बहीणभावांत अकरा वर्षांपासून एक शब्द नव्हता. कारण सांगितलं तर हसाल, पण निमगड्यांच्या घरात त्यावर कोणी हसत नसे.

झालं होतं असं की अकरा वर्षांपूर्वी या घराचा घरप्रवेश झाला. भन्तेजींचा परित्राणपाठ झाला, तीनशे माणूस जेवून गेलं. बाईला पत्रिका पोस्टानं गेली होती, खुद्द रामाजींच्या अक्षरात. बाई आली नाही. दुसऱ्या दिवशी आहेराचा ढीग उपसताना मात्र पाणी भरायचा, कळशीसारखा एक स्टीलचा गुंड निघाला, आणि त्याच्या गळ्यावर मशीननं टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, 'अंजनाबाई'. रामाजींनी लगेच फोन लावला. "बाई, तुहा गुंड भेटला. तू काऊन नाई आली?" बाई म्हणाली, "कोनता गुंड? मले तं पत्रिकाच नाई आली." आता इथं शहाण्या माणसानं 'असं का, बरं' म्हणून फोन ठेवायचा. पण समोर पोस्टाच्या अब्रूचा प्रश्न होता. रामाजी म्हणाले, "पोस्ट चुकत नाई, बाई. भांड्यावर नाव हाये तुहं." मग बाई म्हणाली, "म्हंजे मी खोटी." आणि फोन बंद झाला तो झालाच.

तो गुंड घरात रोजच्या पाण्याला होता. रामाजी त्यातूनच पाणी घ्यायचे, आणि दर वेळी नाव वाचून त्यांना आपलं बरोबर असल्याचं समाधान मिळायचं. घसा ओला व्हायचा, पण गोड काही लागायचं नाही.

"बाईले लग्नाचं माहीत हाये," सरिताबाई म्हणाल्या. त्या नणंदेशी चोरून फोनवर बोलायच्या, हे रामाजींना माहीत होतं आणि रामाजींना माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. "पण पत्रिकेबिगर पाय ठेवत नाई म्हणते. आन् रिना काय म्हणते, आयकलं न?"

ऐकलं होतं. सरिताबाई ब्रह्मपुरीला डी.एड.ला असताना रिना दोन वर्षं आत्याकडे वाढली होती. आत्याच्या पदराखाली झोपली, आत्याच्या हातची लाखोळीची डाळ खाऊन मोठी झाली. तिनं साफ सांगितलं होतं, "आत्यानं हात धरून नेल्याबिगर मी मंचावर चढत नाई. मंग तुम्ही दोघं बसा तिथी हार घालून."

रामाजींनी विचार केला. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. पत्रिका पोचलीच पाहिजे. पण हाती नेऊन दिली तर त्याचा अर्थ काय होतो? मागची पोचली नव्हती, असा होतो. तेव्हा पत्रिका जाईल तर पोस्टानंच जाईल आणि पोचेल, म्हणजे बाईची खात्रीही होईल आणि पोस्टाची अब्रूही राहील. अशी त्यांनी दोन्हीकडची सोय लावली, आणि यादी घेऊन ते नूतनताईंच्या ऑनलाइन सेंटरवर गेले.

राइस मिलसमोरच्या त्या सेंटरवर सातबारापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळं निघायचं. नूतनताईंकडे पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापायचा नवा प्रोग्राम आला होता. पत्ता टाकला की तो पत्ता खरा आहे का ते प्रोग्राम आधी तपासायचा आणि शेजारी एक कोड उमटवायचा.

"हे पहा मास्तर," नूतनताई म्हणाल्या, "पाच आला म्हंजे लिहिलं तेवढं पूर्ण जुळलं. तीन म्हंजे गाव सापडलं, पण लिहिलेलं सगळं नाई जुळलं. शून्य म्हंजे काईच नाई सापडलं."

"मशीन मले पत्ता शिकवन?" रामाजी म्हणाले, पण खुर्ची ओढून बसले.

पहिल्या दिवशी चाळीस पत्ते झाले. त्यात शेजारच्या कुलदीप बोरकुट्यांच्या नावापुढे शून्य आलं. कुलदीपभाऊ निवृत्त वनरक्षक. अंधाऱ्या जंगलात तीस वर्षं त्यांनी वाट चुकलेल्यांना घरी आणून सोडलं होतं. ते सेंटरवर झेरॉक्सला आलेले, मागून डोकावले.

"शून्य कोनाले?"

"तुम्हालेच."

"म्हंजे मी मलेच सापडत नाई?" कुलदीपभाऊंचा चेहरा उतरला. "अन् ते खालचं पाच कोनाचं?"

ते मिलसमोर भजी तळणाऱ्या ताराबाईंचं होतं. पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही, पण सांगतो. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात बातमी पसरली की सरकारनं घरांना मार्क दिले असून ताराबाई पहिल्या आल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सेंटरसमोर रांग लागली. ज्यांना लग्नाचं आमंत्रणच नव्हतं तेही आपापला पत्ता घेऊन आले. तीन मिळालेला माणूस पाच मिळालेल्याकडे तिरक्या नजरेनं पाहू लागला. एका वकिलांनी शून्य मिळाल्यावर फेरतपासणीचा अर्ज लिहून आणला आणि त्याची पोच मागितली. कुलदीपभाऊंनी 'विहिरीजवळ', 'बाभळीमागे', 'निळं गेट' असं एकेक जोडून सहा वेळा पत्ता टाकला. सहाही वेळा शून्य आलं. शेवटी त्यांनी घरावर दोन फुटी नंबर रंगवला आणि येऊन विचारलं, "आता दिसतो का जी त्याले?"

रामाजींना मात्र या जत्रेत रस नव्हता. त्यांचा जीव एकाच पत्त्यात अडकला होता. त्यांनी सांगितलं, नूतनताईंनी टाकलं, 'अंजनाबाई, मु. पिपरबोडी माल, जि. गडचिरोली', आणि पुढे पिन, रामाजींना तोंडपाठ असलेला, शेवटी पाच असणारा. मशीननं उत्तर दिलं, तीन, आणि त्याला शेपूट जोडलेलं, सी-एक. चिठ्ठीवर पिन छापला तो शेवटी आठ असलेला.

"हे आठ कुठून आलं?"

"मी पाचच टाकला, मास्तर."

पुन्हा टाकला. पुन्हा आठ. रामाजींनी पेननं आठचा पाच केला. नूतनताईंनी परत छापला, परत आठ. माणसानं माणसाशी वाद घालावा, पण इथं एकीकडे चौतीस वर्षांची नोकरी आणि दुसरीकडे पत्र्याच्या टेबलावरचं मशीन, आणि मशीन माघार घेईना.

"सी-एक म्हंजे काय?"

"माहीत नाई जी. इचारून सांगतो." नूतनताईंनी कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. तिथल्या बाईंनी आधी वीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग सांगितलं, आणि नूतनताईंनी ते एका कागदाच्या पाठीवर लिहून रामाजींच्या हातात दिलं. रामाजींनी कागद चारदा घडी घालून खिशात टाकला. वाचला नाही. मशीनची बाजू मशीनच्याच माणसानं मांडलेली, ती काय वाचायची!

तेवढ्यात कुलदीपभाऊ मदतीला धावले. शून्य मिळालेल्या माणसाकडे सल्ले फार असतात.

"मास्तर, तुम्ही जास्त लिहून राह्यले. सरकारी कामात कमी लिहा लागते. मी पंचनाम्यात जेवढं जास्त लिहिलं तेवढं साहेबानं जास्त इचारलं. ते माल काढा, जिल्हा काढा. नुसतं पिपरबोडी अन् तुमचा पिन."

रामाजींना ते पटलं. एक तर 'माल' हे कागदोपत्री नाव, गावात कोणी तसं म्हणतच नाही. आणि पिन त्यांचाच राहत होता. नूतनताईंनी तसं टाकलं.

पाच! शेपूटबिपूट काही नाही. पैकीच्या पैकी.

रामाजी खुर्चीतून उठून उभे राहिले. "पाहा! मशीनले बी शेवटी मानाच लागलं." त्यांनी मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ताराबाईंची भजी खाऊ घातली. त्याच दुपारी पत्रिका स्पीड पोस्टानं गेली. चौथ्या दिवशी मोबाइलवर आलं, वितरित, स्वीकारणाऱ्याचं नाव अंजनाबाई. रामाजींनी तो मोबाइल आधी सरिताबाईंना दाखवला, मग रिनाला, मग परत सरिताबाईंना.

"बाईचा फोन नाई आला पण," सरिताबाई म्हणाल्या.

"येईन. लाजून राह्यली असन."

फोन आला. लग्नाला आठ दिवस उरले होते, रामाजी दारात मांडववाल्याशी बोलत होते. पलीकडे म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, गोड, आणि अजिबात ओळखीचा नाही.

"रामाजीभाऊ का जी? मी पिपरबोडीवरून अंजनाबाई बोलतो. रिनाच्या लग्नाची पत्रिका भेटली. लय बरं वाटलं. आमचे मालक गेल्यावर कोनी याद नाई करत, तुम्ही तेवढे करता. मागं घराच्या जेवनाले मी आल्ती न, गुंड घेऊन? शेवयाची खीर लय मस्त होती. आता पोरीले काय आनू, सांगा."

रामाजींनी मांडववाल्याला हातानंच बसायला सांगितलं आणि स्वतः पायरीवर बसले.

"बाई, तुम्ही... कोनत्या पिपरबोडीच्या?"

"चक पिपरबोडी जी. नदीच्या अल्याडची. तुमच्या मूलपासून जवळच हाये की. काऊन जी?"

"नाई, काई नाई," रामाजी म्हणाले. "तुम्ही या. नक्की या."

फोन ठेवला आणि त्यांना आठवलं. घरप्रवेशाच्या पंक्तीत एक अनोळखी म्हातारी बसली होती खरी. सरिताबाईंना वाटलं सासरकडची असेल, रामाजींना वाटलं माहेरकडची. पंगतीत बसलेल्या माणसाला तू कोण म्हणून विचारायची आपल्याकडे रीतच नाही. उलट रामाजींनी स्वतः तिला आग्रहानं दुसऱ्यांदा खीर वाढली होती.

मग त्यांचा हात खिशाकडे गेला. तो कागद अजून चार घड्यांत तिथंच होता. नूतनताईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सी-एक म्हणजे चूक नाही. पत्ता बरोबर आहे. दिलेला पिन त्या गावाचा नाही, म्हणून आम्ही दुरुस्त करून गावाचा खरा पिन टाकला आहे.'

रामाजींनी ते तीनदा वाचलं. आणि तेव्हा कुठं त्यांना ते परिपत्रक आठवलं. आधी दोन्ही पिपरबोड्यांचं टपाल अल्याडच्या एकाच कचेरीतून जायचं. बारा वर्षांपूर्वी पल्याडच्या माल पिपरबोडीचं टपाल पल्याडच्या कचेरीला जोडलं, पिन बदलला. परिपत्रक त्यांच्याच टेबलावर आलं होतं. 'नोंद घेतली' म्हणून खाली सही त्यांनीच केली होती. भिंतीवर चिकटवायला डिंकसुद्धा त्यांनीच आणला होता. आणि वर्षभरानं घरप्रवेशाच्या पत्रिकेवर त्याच हातानं सवयीनं जुना पिन लिहिला, गावापुढे माल लिहिलं नाही, आणि सख्ख्या बहिणीच्या नावापुढे आडनाव काय लिहायचं म्हणून तेही सोडलं. पोस्टानं ती पत्रिका बिनचूक तिथं नेली होती, जिथं ती पाठवली होती. आणि आपण आठ वर्षांनी मोठ्या बहिणीला, जिनं आपलं बोट धरून शाळेत नेलं तिला, खोटी ठरवलं. अकरा वर्षं. मांडववाला दोनदा हाक मारून शेवटी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते निघाले. हातात पत्रिका, आणि पिशवीत गुंड. गुंड कशाला घेतला, असं सरिताबाईंनी विचारलं. ते म्हणाले, "पुरावा म्हणून." आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच नेणारा मास्तर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. वैनगंगेच्या पुलावर कंडक्टरनं विचारलं, "पानी हाये का जी त्याच्यात?" रामाजींनी मान हलवली आणि गुंड मांडीवर घट्ट धरला.

बाई अंगणात सुपात लाखोळी निवडत होती. केस पार पांढरे झालेले. तिनं मान वर केली, भावाला पाहिलं, आणि पुन्हा सुपाकडे पाहत म्हणाली, "कोनाचं घर पायजे?"

"अंजनाबाईचं."

"पत्ता हाये का जवळ?"

रामाजींनी वाटेत बरंच काही ठरवलं होतं. परिपत्रक, दोन गावं, कचेरीची फेररचना, क्रमानं. ते सगळं त्यांनी सोडून दिलं.

"होता," ते म्हणाले. "चुकीचा होता."

"पोस्ट चुकत नाई न पण?"

"पोस्ट नाई चुकलं, बाई. पोस्टमास्तर चुकला."

बाईचे हात सुपात थांबले. मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि रडत रडतच बोलायला लागली. "अकरा वर्षं गा रामा! भांड्यावर नाव हाये म्हने! माह्या तोंडापेक्षा तुले भांडं खरं वाटलं. मी रोज म्हनो, आज येईन, उद्या येईन. पोरगी मोठी झाली, तिची नोकरी लागली, मी आपली फोनवर आयकून राह्यली." रामाजींनी गुंड तिच्या पुढ्यात ठेवला, पत्रिका त्याच्यावर ठेवली, आणि वाकून पाया पडले. उठताना त्यांचाही चष्मा धुकटला होता.

शेवटी बाईनं नाक पुसलं आणि गुंड हातात घेऊन फिरवून पाहिला.

"मंग ही कोन अंजनाबाई?"

रामाजींनी सगळं सांगितलं. खिरीपाशी आले तेव्हा बाईच्या तोंडावर हसू फुटलं.

"माह्या जागी येऊन जेवली म्हंजे."

"दोनदा खीर घेतली."

"अन् यावेळी तिले बोलावलं का?"

"चुकून बोलावलं."

"चुकून काऊन? घरी जाऊन चांगलं बोलाव. तिनं माह्या नावानं आहेर केला, अन् मी काईच नाई केलं." मग ती उठली. "बस. चहा टाकते. साखर कमी घेतोस का अजून, का तिथी बी काई बदललं?"

लग्नाच्या दिवशी रिनाला आत्यानं हात धरून मंचावर नेलं. त्रिशरण पंचशील झालं, हार घातले गेले, आणि पहिल्या रांगेत दोन अंजनाबाई शेजारी शेजारी बसून एकमेकींच्या गुडघेदुखीची चौकशी करत होत्या. चकवाल्या अंजनाबाईंनी यावेळी स्टीलचा डबा आणला होता, नाव कोरलेला. कुलदीपभाऊ सगळ्या पाहुण्यांना आपल्या घराचा दोन फुटी नंबर दाखवून आले.

बाईनं आणला होता नवा गुंड, आधीच्यापेक्षा मोठा. गडचिरोलीच्या भांडेवाल्यानं एवढं मावत नाही म्हणून तिला तीनदा परत पाठवलं होतं, पण ती अडूनच बसली. गळ्यापासून पोटापर्यंत टिंबाटिंबांनी गोल फिरवून कोरलं होतं: 'अंजनाबाई, मु. पिपरबोडी माल, जि. गडचिरोली', आणि त्याखाली ठसठशीत पिन, सहाच्या सहा आकडे, शेवटी आठ.

तो आता ओट्यावर असतो, पिन बाहेरच्या बाजूनं. सरिताबाई रोज सकाळी घासून तसाच लावतात. परवा कुलदीपभाऊ पाणी प्यायला थांबले आणि त्यांनी आकडे बोटानं एकेक करून वाचले.

"मास्तर, हा बराबर हाये का जी?"

"शंभर टक्के," रामाजी म्हणाले. "मी लिहिला नाई न."